दोन भाकऱ्या जास्त

रविवार, ३ फेब्रुवारी १९५७

दादाला भेटून आलो. जाळीपलीकडे उभा होता. दाढी वाढलेली, पण हसतोय! जसा काही आर्थर रोडच्या तुरुंगात नाही, सासुरवाडीला आलाय. काळं निशाण दाखवलं म्हणून सहा आठवडे. आये रडायला लागली तर तिलाच म्हणाला, "गो, मुंबय मिळतली तेव्हा तूच चाळभर सांगत फिरशीत." मग माझ्याकडे वळला. हसू गेलं. "सित्या, साचे सांभाळ. बाकी माका काय्येक नको."

साचे म्हणजे त्याचे दोन माग. साळखात्यात, कापड विणतात तिथे, खिडकीकडचे. आधी ते बाबांचे होते. बाबा दम्यानं घरी बसले तेव्हा दादाकडे आले. आता दादा सुटेपर्यंत त्याच्या जागी मी, बदली म्हणून. गिरणीत असंच असतं. घरचा माणूस साच्यावर उभा असला की जागा घरची राहते. चार दिवस कुणी दिसलं नाही की कोंडीराम जॉबर, खात्याचा मुकादम, दुसऱ्याला उभा करणार, आणि दादा परत आला तरी गेली ती गेली. कोंडीरामचा मेहुणा रोज भोंग्याला गेटवर हजरच असतो. माझ्याकडे असा बघतो, मांजर मासळीच्या टोपलीकडे बघतं तसा.

दोन आठवडे केलं. हाताला फोड आले. कानात अजून खडखड आहे.

आणि मी कोण? इंटरचा विद्यार्थी! होतो. ऑगस्टात प्रोफेसर वर्गात म्हणाले, मुंबई ज्यांनी पैसा घातला त्यांची, गिरणीत राबणाऱ्यांची कशी? मी बाकावर उभा राहून जे बोललो ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं म्हणे. प्रिन्सिपॉल म्हणाले, माफी माग. मी म्हटलं, नाव काढून टाका. टाकलं! पोरांनी खांद्यावर घेतलं मला. घरी आलो तेव्हा बाबा जेवले नाहीत, एवढंच. आमच्या चाळीतून कॉलेजात गेलेला पहिला मी.

संध्याकाळी खालून बंडूची शिट्टी. कॉलेजात गॅदरिंगचा आठवडा लागलाय, तास नाहीत, सगळी मंडळी रोज बाहेर. "तू नाहीस तर मजा नाही रे!" आणि जाता जाता, डोळा मारून — "सुमती विचारत होती. परब कुठे गायब म्हणून."

एकच दिवस. उद्याचा. एका दिवसानं साचे जात नाहीत.


सोमवार, ४ फेब्रुवारी

गेलो.

नेहमीसारखा साडेसहाला निघालो. काखेत मनमोहनचं फिजिक्स, ऑगस्टापासून पडून होतं, परत करायचं म्हणून. लालबागच्या नाक्यावर गिरणीकडे वळायचं ते वळलो नाही, गिरगावची ट्राम पकडली. मंडळी भेटायला दोन तास होते. चौपाटीवर नुसता बसून राहिलो.

पण मग! इराण्याकडे सगळे जमले. मनमोहन त्रिलोकेकर, ठाकूरद्वारचा, घरात पियानो. बंडू दादरचा, घरात चातुर्मासात कांदासुद्धा बंद, म्हणून बाहेर वर्षभर ऑम्लेट. बेबी, जी एक वाक्य हसल्याशिवाय पुरं करत नाही. आणि सुमती. मनमोहनची मामेबहीण. फिकट हिरवं पातळ. माझ्याकडे बघून म्हणाली, "आला का आमचा बाकावरचा पुढारी?" बस्स. सहा महिने नव्हतेच जणू.

दिवसभर नाटकाची तालीम. मनमोहन नायक. प्रेमाचं वाक्य असं म्हणतो, जसं बँकेत चेक वटवतोय. मी मागून ओरडलो तर सुमती मोठ्यानं हसली.

तिथे एकदाही गिरणी आठवली नाही. हे लिहिताना लाज वाटते.

डबा घरीच राहिला होता घाईत. संध्याकाळी घरी आलो तर आये बाबांना विचारते, "डबो दिलास मा तेका गेटार?" म्हणजे बाबा डबा घेऊन माझ्यामागे आले होते! बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "दिलंय." रिकामा डबा मोरीत घासायला पडलेला.

वॉचमनकडे ठेवला असेल. परत येताना उचलला असेल. खाल्ला कुणी? विचारायची हिंमत झाली नाही.


मंगळवार, ५ फेब्रुवारी

आज जायचंच असं ठरवून निघालो होतो. मग डोळ्यांपुढे कोंडीराम आला. "काल खंय होतंस रे?" चारचौघांत ओरडणार. शिव्या देणार. मी उलटून बोलणार, माझं डोकं मला ठाऊक आहे. आणि मग साचे जायचे ते आजच जायचे. त्यापेक्षा उद्या जाऊ, काहीतरी सबब सांगू, ताप आला म्हणू —

हे असं मनात चालू असतानाच ट्राम आली.

मैदानावर मॅच. आपलं कॉलेज हरलं. (आपलं!) दुपारी गवतावर बसून माझा डबा उघडला. बांगड्याचं तिखलं आणि तांदळाच्या भाकऱ्या. सुमतीनं एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. प्रभूंच्या घरची ती, मासळी तिला कुणी शिकवायची नाही. "परब, हे कुणी केलं? आमच्याकडचे आचारी झक मारतील!" बंडूनं आधी इकडे तिकडे बघितलं, मग बोटभर रस्सा, मग अख्खा बांगडा. "घरी कळलं तर आई मला उंबऱ्यावर आंघोळ घालील." बेबी हसून हसून आडवी. मला अर्धी भाकरी मिळाली. चालेल! सुमती म्हणाली, "उद्या जास्त आण हं."

संध्याकाळी आयेला म्हटलं, उद्यापासून दोन भाकऱ्या जास्त घाल, भूक लागते. तिचा चेहरा काय फुलला! "लागतलीच. साच्यार दिवसभर उभ्यान काम." मग तिच्या ताटाकडे लक्ष गेलं. पेजेचं पाणी आणि सुकट.

मी काहीतरी बोलायला हवं होतं.

बाबा आज लवकर आडवे झाले. हल्ली दिवसभर संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कचेरीत असतात, निवडणुकीच्या कामाला. अक्षर येत नाही, पण खळ लावायला, चहा आणायला माणूस लागतोच. मी निघालो की लगेच निघतात म्हणे. झोपता झोपता मला विचारलं, "जमता मा रे?"

"जमता," म्हटलं.

"सुरवातीक जड जाता," म्हणाले. "मग डोक्यात बसता."


बुधवार, ६ फेब्रुवारी

मॅटिनी. पडद्यावर काय चाललं होतं ते सांगता यायचं नाही. सुमती माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून. भाकऱ्या मध्यंतरात संपल्या.

बाबांचा खोकला वाढलाय.


गुरुवार, ७ फेब्रुवारी

आता चार दिवस झाले. साचे गेले असणार. हे वाक्य लिहिलं आणि पेन ठेवून दिलं होतं. परत उचललं.

पण आज जे झालं ते लिहायलाच हवं. शिवाजी पार्कला समितीची सभा. समुद्राच्या वाऱ्यात पंचवीस-तीस हजार माणूस. आम्ही पाचही जण घोषणा देऊन देऊन घसे बसवून घेतले. मनमोहनच्या घरचे समितीचं नाव काढू देत नाहीत, तोसुद्धा "झालाच पाहिजे"ला हात वर! मला भरून आलं. आणि भरून आलं की माझी जीभ सुटते. मी सुमतीला दादाचं सांगितलं. काळं निशाण, लाठी, आर्थर रोड, सगळं. तिचे डोळे चमकले. म्हणाली, "सख्खा भाऊ? आणि तू बोलला नाहीस इतके दिवस!" मग हळू आवाजात, "मग घर कोण चालवतं?"

"मी."

तोंडातून निघून गेलं.

"त्याचे दोन साचे मी चालवतो."

"पण तू तर दिवसभर आमच्याबरोबर असतोस."

"रात्रपाळी," मी म्हटलं.

परमेश्वरा!

ती म्हणाली, "आणि झोपतोस कधी रे?" असं कुणी मला कधी विचारलं नव्हतं. परत येताना बेबीला मधे येऊ न देता ती माझ्या शेजारी चालत आली. दादरच्या फूलबाजारातून जाताना म्हणाली, "वर्गात तू बोललास ना, तेव्हा माझ्याही मनात तेच होतं. मी बोलले नाही." या एका वाक्यासाठी मी ऑगस्टापासून जगतोय असं वाटलं. आणि त्याच वेळी धावती ट्राम पकडून तिथून पळून जावं असंही वाटलं.

दादा जाळीआड आहे. मी त्याचं नाव घेऊन मुलीपुढे मिरवलं. त्याच्या साच्यांवर कोंडीरामचा मेहुणा उभा आहे. आणि मी रात्रपाळी करतो!

घरी आलो. बाबांच्या भुवईत कापसाचा तंतू अडकला होता. मी काढला. "हापिसातली गादी फाटली हा," म्हणाले आणि कुशीवर वळले. मी लिहायला बसलो तेव्हा शेजारच्या राधाबाई दारात येऊन आयेशी मोठमोठ्यानं बोलत होत्या. बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "राधाबाय, जरा हळू. तो लिवता हा." उठले, कंदिलाची काच पुसली आणि माझ्याजवळ सरकवून ठेवला. आयेला म्हणाले, "उद्यापासून कपभर दूध दी गो तेका. डोक्याक होया."

साच्यावरच्या माणसाला डोक्याला दूध कशाला? विचारलं नाही. माझ्यावर कुणी प्रेम केलं की हल्ली मला राग येतो.


शुक्रवार, ८ फेब्रुवारी

घारापुरी. अपोलो बंदरावरून लाँच. सकाळी दूध पिऊन निघालो.

सुमतीनं मला लाँचच्या टपाखाली सावलीत जागा धरून ठेवलेली. "तू झोप जरा. रात्रभर जागतोस." बंडू लगेच, "हा? हा जागतो? कशासाठी?" तिनं त्याला डोळे वटारले. मी डोळे मिटून पडलो. झोपेचं सोंग घेऊन! तिनं आपली वही माझ्या तोंडावर उन्हाआड धरलेली मला पापण्यांतून दिसत होती. त्या तासाभरात जेवढी शरम वाटली तेवढी जन्मात वाटली नव्हती. उठून सगळं सांगावं असं वाटलं. उठलो नाही. ती वही बाजूला होईल म्हणून.

लेणी बघितली. वर पायऱ्यांवर बसून डबा. आज आयेनं चार भाकऱ्या जास्त घातल्या होत्या, आणि कोलंबी. शुक्रवारी बाजार महाग असतो. कुठून आणली? बंडू दुसऱ्यांदा हात पुसत म्हणाला, "परब, तुझ्या आईला एकदा भेटायला पाहिजे रे. नमस्कार करीन." सगळे हसले. मी पण.

परतताना बेबीला हात बघायची हुक्की आली. कुठल्याशा मासिकात वाचून ती ज्योतिषी झालीय. मनमोहनला दोन बायका, बंडूला परदेशप्रवास आणि पोटाचं दुखणं. मग माझा हात ओढला. "अगं बाई, ह्याची हृदयरेषा बघ, आगगाडीसारखी!" सुमती वाकून बघायला लागली. हसत होती. मग हसायची थांबली.

दोन आठवड्यांत आलेले फोड या पाच दिवसांत सुकून गळून गेले होते. तळवा गुलाबी, लहान मुलासारखा.

बेबी उठून मनमोहनकडे गेली. सुमतीनं माझ्याकडे न बघता, पाण्याकडे बघत विचारलं, "रात्रपाळी कुठली रे ही?"

मी मूठ मिटून घेतली.

"आमच्या चुलत्यांच्या ओळखीचे गिरणीतले लोक येतात घरी. मी त्यांचे हात बघितलेत." लाँच हलत होती. "तुझे माझ्यापेक्षा मऊ आहेत, परब."

"सुमती, मी सांगतो —"

"वर्गात बाकावर उभा राहिलेला परब मला आवडला होता," ती म्हणाली. "तो खरं बोलत होता."

होता. होता! दोनदा.

बंदरावर उतरल्यावर कुणाशी न बोलता निघालो. बंडू मागून हाका मारत होता. ट्राम घेतली नाही, चालत आलो. भायखळ्यापर्यंत तिच्यावर चिडलो होतो. हिचं काय जातं, पियानोवाल्यांच्या नात्यातली! मग चिंचपोकळीच्या पुलावर आलो. गिरण्यांची धुरांडी दिसली. आणि चिडायला कुणी उरलं नाही, मी सोडून.

उद्या जातो. साचे गेले असतील तर कोंडीरामच्या पाया पडतो. झाडूवाला म्हणून घे म्हणतो. रविवारी दादाला जाळीतून माझ्या तोंडानं सांगतो. पगाराच्या दिवशी नाहीतरी उघडं पडणारच आहे.

बाबांना आज जेवण गेलं नाही. जिना चढून आले तेव्हा कठड्याला धरून बराच वेळ उभे होते.


शनिवार, ९ फेब्रुवारी

भोंग्याआधी गेटवर. कोंडीरामचा मेहुणा तिथेच, भिंतीला टेकून, बिडी ओढत. म्हणजे साच्यावर तो नाही! मग कोण?

कोंडीराम आला. मी हात जोडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "काय रे, आज कॉलेजाक सुट्टी?"

मला कळेना.

"तुझो म्हातारो सोमवारी सांगून गेलो. डबो घेऊन तुझ्यामागना आयलो होतो. तू पुस्तक घेऊन गिरगावच्या ट्रामीत चढलंस तां बघितल्यान. म्हणालो, माझो झील परत कॉलेजात जाऊक लागलो. घरात सांगूक लाजता. कोणी तेका इचारू नका. तोवर साचे मी बघतंय." कोंडीरामनं पान थुंकलं. "मेहुणो बोंबलता माझ्या नावान. पण तुझो भाव शिवा आत कशाक गेलो तां खात्यात सगळ्यांका ठावक आसा. म्हाताऱ्याक नाय कोण म्हणतलो?"

"जेवतात काय?" मी विचारलं. हाच प्रश्न का सुचला, ठाऊक नाही.

"सोमवारी डबो होतो. मग नाय. चाय पिता."

जिना दोन दोन पायऱ्या चढलो. खात्यात तो खडखडाट. तिथे आवाज पोचत नाही. माणसं ओठ हलवतात, समोरच्यानं ते वाचायचे. बाबा खिडकीकडे. धोट्याच्या भोकातून तोंडानं धागा ओढत होते. ओढला, खोकले, परत ओढला. केस, भुवया, मिशा, सगळं पांढरं.

मान वर केली. मला बघितलं. माझ्या हातातला डबा बघितला. दचकले. चोरी आपलीच पकडली गेल्यासारखे हसले. मग हात हलवला. ओठ हलले — जा. जा. उशीर होतलो.

मी शर्ट काढून खुंटीला लावला. मान हलवली. नाही. पुढे गेलो आणि त्यांच्या हातातला धोटा घेतला.

ते अजून सांगतच होते. जा, कॉलेज — मी परत मान हलवली, माझेही ओठ हलले — कॉलेज नाय, बाबा.

बाबांचे ओठ थांबले.